दोन पुठ्ठे आणि एक मर्सिडीज

नार्वे गावच्या शिवदासानं जन्मात गाडी घेतली नाही. घेणार कुठून? खाण कंपनीच्या कचेरीत कारकुनी करणारा माणूस तो, सायकलीचं सीट बदलायचं तरी दोन महिने विचार करायचा. पण घरी पत्र्याच्या पेटीत त्याच्या अठरा गाड्या होत्या, आणि त्यासुद्धा साध्यासुध्या नव्हेत. कॅडिलॅक, पॅकार्ड, ब्युइक, जॅग्वार. सगळ्या कागदावरच्या, हे मात्र खरं.

त्याचं असं झालं. गोवा मुक्त होण्याआधी पणजीत परदेशी गाड्या मागवून विकणारी एक पेढी होती. पोर्तुगीज अमदानीत गाड्या आणायला आडकाठी नव्हती आणि खाणवाल्यांच्या हातात नवा पैसा खुळखुळत होता, त्यामुळं बोटीतून गाडी उतरली की आठ दिवसांत ती विकली जायची. शिवदास तिथं कारकून. पोर्तुगीज शाळेतली सेगुंद ग्राव परीक्षा पास झालेला, म्हणून पत्रव्यवहार त्याच्याकडे. आणि गाड्या पुसायला, चालवून दाखवायला पार्से गावचा बाबली. बाबलीचं घराणं मूळ सावंतवाडीकडचं, आजोबा काजू राखायला पेडण्यात आले ते पार्श्याचेच झाले. एकाला गाडी चालवता येत नव्हती, दुसऱ्याला पोर्तुगीज वाचता येत नव्हतं, आणि दोघांना गाड्यांचं वेड सारखंच. जमलं त्यांचं.

गाडी बोटीनं यायची, पण तिच्याआधी टपालानं तिचा कातालगु यायचा. तुम्हीआम्ही कॅटलॉग म्हणतो. हे दोघे शेवटपर्यंत कातालगुच म्हणत राहिले. आता गाडी विकायला छापलेल्या चोपड्याचं एवढं कौतुक काय, असं कुणीही विचारील. शिवदासाच्या बायकोनं, सुमंगलानं, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तिला त्यानं पेटी उघडून दाखवली. जाड, गुळगुळीत कागद, त्याला शाईचा एक गोडसर वास. आत फोटो नव्हेत, हातानं रंगवलेली चित्रं. चित्रकार गाडी खऱ्यापेक्षा हातभर लांब काढायचा आणि माणसं खऱ्यापेक्षा बारीक. रस्ता कायम मोकळा. त्या रस्त्यावर ना म्हैस, ना ट्रक, ना खाणीची तांबडी धूळ. शेवटच्या पानावर रंगांचे चौकोन आणि खाली त्यांची नावं. शिवदास ती मोठ्यानं वाचायचा आणि बाबली डोळे मिटून ऐकायचा. हस्तिदंती रंगाला 'मार्फीं' म्हणतात हे कळल्यावर बाबलीनं पार्श्याच्या घराला तोच रंग काढायचा म्हणून चुन्यात हळद कालवली होती. घर झालं पिवळंधमक. गाव वर्षभर हसत होता.

गोवा मुक्त झाला, बाहेरून गाड्या आणणं बंद झालं आणि पेढीनं दार ओढलं. शेवटच्या दिवशी मालकानं कागदपत्रांचा ढीग मागच्या अंगणात जाळायला काढला आणि या दोघांना म्हणाला, काय हवं ते न्या. दोघांनी अंगणात बसून कातालगु वाटून घेतले. अठरा याला, अठरा त्याला, भाऊ वाटणी करतात तसे, पण भांडण न करता. घोडं अडलं एकाच ठिकाणी. मर्सिडीज तीनशेचा कातालगु एकच होता. सगळ्यांत मोठा तो. मधल्या पानावर पारदर्शक कागद, वरचा उचलला की गाडीचं छप्पर जायचं आणि आतल्या बैठका दिसायच्या. शेजारच्या पानावर उघड्या दारापाशी हातमोजे घातलेली एक बाई, कुठंतरी निघालेली. बाबली ते पान आलं की दर वेळी विचारायचा, ही खंय चल्ली रे? आणि शिवदास दर वेळी नवीन उत्तर द्यायचा. शिरगावच्या जत्रेला. म्हापशाच्या बाजाराला. दिवचलीला माहेरपणाला.

तो कातालगु दोघांनाही हवा होता आणि दोघांनाही मागायची लाज वाटत होती. मग शिवदासानंच तोड काढली. देवळात महाजनांच्या पाळ्या असतात, सहा महिने सेवा याची, सहा महिने त्याची, तशी याचीही पाळी लावायची. होळीच्या शिगम्यापासून गणपतीच्या चवथीपर्यंत नार्व्याला, चवथ ते शिगमा बाबलीकडे. शिवदास तेव्हा खाण कंपनीच्या कचेरीत लागला होता आणि बाबली शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायला. चवथीला पार्श्याला घरी जाताना तो वाट वाकडी करून नार्व्याला यायचा, वर्तमानपत्रात बांधलेला कातालगु घ्यायचा आणि पिशवीत घालून घरी न्यायचा. शिगम्याला परत आणून द्यायचा. इतर रविवारी तो आपल्याकडचे बाकीचे कातालगु घेऊन यायचा. विहिरीवर साबण आणि केरोसीन लावून हात धुवायचा, नखांतली तांबडी माती काडीनं काढायचा, आणि मगच ओसरीवर बसायचा. दोन मोठे बापये मांडीला मांडी लावून चित्रं बघत बसलेत हे बघून शेजारचे शंभू आणि नारायण थट्टा करायचे. यांना काय त्याचं. पुढं तेही येऊन बसायला लागले.

सात वर्षं हे असं चाललं. सातव्या वर्षी शिगम्याला बाबली कातालगु घेऊन आला तो पंधरा दिवस उशिरा. खाणीवर फेऱ्या वाढल्या होत्या, निघता आलं नाही, असं म्हणाला. शिवदास हसला, पण त्याच्या मनात ते राहिलं. एकेकाचं मन असतं तसं. पायात रुतलेला काटा कुणाला न दाखवता तसाच चालत राहणारा माणूस तो.

त्याच वर्षीची, म्हणजे एकोणसत्तर सालची चवथ. आदल्या दिवशी घरात नुसती धांदल. सुमंगला करंज्या तळत होती, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं ओसरीभर पसरलेली, देवाची तसबीर भिंतीवरून उतरवून नीट करायची होती, पाट रंगवायचा होता. पावसाळ्यात कागद दमटतो म्हणून शिवदासानं कातालगुच्या पानांत कडुनिंबाचा पाला घातला, वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली. दुपारी बाबली आला तेव्हा शिवदास शिडीवर होता. त्यानं वरूनच सांगितलं, खिडकीत बांधून ठेवलाय, घे. बाबलीनं घेतला. गरम गरम दोन करंज्या खाल्ल्या आणि बस चुकेल म्हणून धावत गेला.

पाच दिवसांनी बाबली परत आला. शंभू आणि नारायण ओसरीवर होते. बाबली हसतच आला आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं काढून म्हणाला, मस्करी बरी केलीस. पुडक्यात दोन पुठ्ठे होते. एकावर एक ठेवलेले, मध्ये कडुनिंबाचा पाला. कातालगु नव्हता.

शिवदासाला आधी काही कळेना. तो आत गेला, पेटी उपसली, कपाट उपसलं, माळ्यावर चढला. सुमंगलानं तांदळाच्या कणगीतसुद्धा हात घालून बघितलं. कुठं नाही. बाबली ओसरीवर थांबला होता. तो म्हणत होता की अदलाबदल झाली असेल, सावकाश बघ, घाई नाही. आणि त्या 'घाई नाही'नंच शिवदासाचं डोकं फिरलं. त्याला ते उशिराचे पंधरा दिवस आठवले. तो बाहेर आला आणि दोन माणसांदेखत म्हणाला, "बाबल्या, तुला ठेवायचा होता तर मागून घ्यायचा. पुठ्ठे दाखवून मला शेंडी लावू नकोस."

बाबलीचं हसू तिथल्या तिथं गेलं. त्यानं ते पुठ्ठे पुढं केले. "निदान हातात घेऊन बघ तरी," तो म्हणाला.

शिवदासानं हात पुढं केला नाही. बाबलीनं पुठ्ठे पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळले, सुतळी बांधली आणि तो निघून गेला. आज त्यानं विहिरीवर हात धुतलेच नव्हते, एवढंच शंभूच्या लक्षात आलं.

इथंच थांबला असता तरी निभावलं असतं. पण रागावलेल्या माणसाला थांबवायचं कुणी? पुढच्याच सोमवारी शिवदास गावच्या देवळात गेला आणि पुजाऱ्याकरवी त्यानं गाऱ्हाणं घातलं. चारचौघांदेखत, बाबलीचं नाव घेऊन. गाऱ्हाण्यात वस्तू कोणती ते सांगायला त्याची जीभ अडखळली, गाडीचं चोपडं म्हटलं तर लोक हसतील, म्हणून नुसतं 'माझी वस्तू' म्हणाला. आणि शेवटी मागणं मागितलं की ज्याच्या घरात माझी वस्तू असेल त्याला ती सुखानं भोगू देऊ नको. सभामंडपातल्या माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. सुमंगला बरोबर होती. घरी उंबऱ्यात पाऊल टाकल्यावर तिनं विचारलं, कागद मोठा की माणूस?

नार्व्यात घातलेलं गाऱ्हाणं शिरगावला पोचायला किती वेळ लागणार? खाणीवर ट्रकवाले बाबलीला विचारायला लागले, काय रे, काय वस्तू दाबलीस? पुढच्या पावसाळ्याआधी त्यानं ट्रक सोडला आणि तो कायमचा पार्श्याला गेला, काजू-नारळ बघायला. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही.

आणि शिवदासाच्या अठरा गाड्या? त्यांना पेटीतच गंज चढला म्हणायचा. एकदा एका रविवारी त्यानं पेटी उघडली होती. कॅडिलॅक काढली, पॅकार्ड काढली, रंगांची नावं मोठ्यानं वाचली. ऐकायला कुणी नव्हतं. चित्रं तीच, कागदाचा वासही तसाच, पण जीव रमेना. त्यानं पेटी मिटली ती मिटली. कुणी विचारलंच तर सांगायचा, तो पार्श्याचा चोर, त्यानं माझा जीव की प्राण असलेला कातालगु लाटला. असं सांगताना त्याला बरं वाटायचं नाही. तरी सांगायचा. मुलगी विमला लग्न होऊन वास्कोला गेली, शिवदास निवृत्त झाला, शंभू वारला, नारायण मुलाकडे कारवारला जाऊन राहिला. बावीस वर्षं गेली.

एक्याण्णव साली चवथीच्या आधी घर रंगवायला काढलं. सुमंगलानं देवाची तसबीर उतरवली तर मागच्या फळीला वाळवीची वाट दिसली. तिनं शिवदासाला हाक मारली. तो पक्कड घेऊन ओटीवर उजेडात बसला आणि एकेक खिळा काढायला लागला. बारीक वाकवलेले खिळे, त्यानंच कधीतरी मारलेले. फळी निघाली. आत वर्तमानपत्राचं पुडकं होतं, सुतळी बांधलेलं. वर तारीख, सप्टेंबर एकोणसत्तर.

त्यानं सुतळी सोडायच्या आधीच त्याला कळलं होतं. माणसाला कळतंच. पुडक्यातून कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा मांडीवर सांडला आणि मर्सिडीज बाहेर आली. कोपरा तेवढा वाळवीनं कुरतडलेला, बाकी जशीच्या तशी. मोकळा रस्ता, उघडं दार, दारात हातमोजेवाली बाई.

आता त्याला सगळं आठवत गेलं, नको असताना आठवत गेलं. तसबिरीची काच तेव्हा खुळखुळायची, म्हणून मागं भर द्यायला त्यानं बुटांच्या खोक्याचे दोन पुठ्ठे कापले होते. त्यांनाही कसर लागू नये म्हणून मध्ये पाला घातला होता आणि त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं. दोन पुडकी, एकाच आकाराची, खिडकीत शेजारी शेजारी. शिडीवर चढण्याआधी त्यानं एक पुडकं उचललं, तसबिरीत दाबलं आणि खिळे ठोकले. सगळं घर शोधलं, पण देवाला कोण उघडून बघणार? बावीस वर्षं रोज सकाळी आंघोळ करून त्यानं त्या तसबिरीला फूल वाहिलं होतं.

सुमंगला दारात उभी होती. तिनं कातालगु बघितला, तसबीर बघितली आणि ती खाली बसली. "ज्याच्या घरात वस्तू असेल त्याला, असं मागितलं होतं ना तुम्ही?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला रडू येत होतं.

दुसऱ्याच दिवशी शिवदास पार्श्याला निघाला. कातालगु त्यानं नव्या वर्तमानपत्रात बांधला. दिवचलीहून म्हापसा, म्हापशाहून पुढची बस, सगळ्या वाटेनं तो मनाशी घोकत होता. आधी बाबली शिव्या देईल. देऊ दे. त्याच्या शिव्यांना एक चव असायची. मग पुडकं पुढं करायचं आणि म्हणायचं, घे, पाळी तुझी आहे, बावीस वर्षं झाली तरी तुझीच. बाबली हात धुवायला विहिरीवर जाईल. आणि मग ते पान उघडून तो विचारील, ही खंय चल्ली रे? तर सांगायचं, पार्श्याला. हे उत्तर सुचल्यावर शिवदास बसमध्ये एकटाच हसला. फार वर्षांनी हसला.

घर सापडायला वेळ लागला नाही. चुन्याखालून अजून जुना हळदीचा पिवळा डोकावत होता. सोप्यावर बाबलीची बायको, कमलाक्षी, सुपारी कातरत बसली होती. तिचं कपाळ मोकळं होतं. शिवदासानं ते बघितलं आणि तो अंगणातच उभा राहिला.

तिनं त्याला लगेच ओळखलं. बस म्हणाली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. बाबलीला जाऊन चार महिने झाले होते. काही दुखणं नव्हतं, काजूच्या हंगामात बागेतून आला, टेकून बसला तो बसलाच. या वर्षी घरात चवथ नाही, ती म्हणाली, म्हणून सामसूम आहे. शिवदासानं पाणी प्यायलं नाही. त्यानं पुडकं सोडून कातालगु तिच्यासमोर ठेवला आणि कुठं सापडला ते सांगितलं. काही लपवलं नाही, पुठ्ठे, पाला, खिडकी, शिडी, सगळं सांगितलं.

कमलाक्षीनं ऐकून घेतलं. मग ती उठली, आतल्या कपाटातून दोन वस्तू घेऊन आली आणि तिनं त्या सोप्यावर मांडल्या. एक होतं वर्तमानपत्राचं जुनं पुडकं. बाबलीनं ते टाकू दिलं नव्हतं. शिवदास कधीतरी येईल आणि हातात घेऊन बघेल, असं म्हणायचा. शिवदासानं आता ते हातात घेतलं. पुठ्ठ्याच्या कडेला शिसपेन्सिलीनं दोन आकडे लिहिले होते, तसबिरीची लांबी आणि रुंदी, त्याच्याच वळणदार कारकुनी अक्षरात. बाबलीला त्या आकड्यांचा अर्थ कळणं शक्य नव्हतं. शिवदासाला एका नजरेत कळला असता. त्या दिवशी ओसरीवर हात पुढं केला असता तर तसबीर उतरवून दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं, आणि चौघे मिळून पोट धरून हसले असते.

दुसरी वस्तू पाकिटात होती. पाकिटावर लिस्बनचे शिक्के. आत मर्सिडीज तीनशेचा कातालगु. तोच, पोर्तुगीजच, मधला पारदर्शक कागदसुद्धा शाबूत. गावातला एक ख्रिस्ती शेजारी लिस्बनला नोकरीला गेला होता. बाबलीनं त्याला दर चवथीला कुणाकडून तरी पत्र लिहवून पाठवलं, जुन्या कागदांच्या बाजारात बघ, मिळाला तर पाठव. सहाव्या वर्षी मिळाला. त्या दिवशी बाबली पांढरा सदरा घालून नार्व्याला निघाला होता, कमलाक्षी सांगत होती. नार्व्यातल्या देवळापर्यंत गेला. तिथं पायऱ्यांवर बसला आणि त्याच्या मनात आलं, हा नेऊन दिला तर शिवदास म्हणेल, बघा, इतकी वर्षं लपवला आणि आता गाऱ्हाण्याला भिऊन परत आणला. द्यावा तर चोर ठरतो, आणि न द्यावा तर चोर आहेच. संध्याकाळी तो तसाच परत आला. पाकीट कपाटात ठेवलं. कधीमधी काढून बघायचा आणि त्या बाईचं पान कमलाक्षीला दाखवून विचारायचा, ही खंय चल्ली? तिला काय सांगावं ते सुचायचं नाही.

शिवदास रडला. साठी उलटलेला माणूस, परक्या सोप्यावर बसून हमसून हमसून रडला. रडं ओसरल्यावर त्यानं आपण आणलेला कातालगु तिच्याकडे सरकवला. पाळी त्याची होती, तो म्हणाला, तुमच्याकडे राहू दे.

कमलाक्षीनं तो परत सरकवला. "माका ह्या कागदांचा काय करूचा?" ती म्हणाली. "तुमी गाराणा देवळात घातलास. मगे थंयच जाऊन सांगा, माझो घोव चोर नाय होतो. चार माणसांनी आयकलेला, चार माणसांनी आयकाक होया."

त्यानं मान डोलावली. जाताना तिनं दोन्ही कातालगु त्याच्याच पिशवीत घातले. पुठ्ठे मात्र ठेवून घेतले. ते ह्यांनी जपलेत, म्हणाली.

सोमवारी शिवदास आणि सुमंगला देवळात गेले. त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं होतं, खाडाखोड करून तीनदा. मान खाली घालावी लागेल, लोक तोंडावर बोलतील, बोलू देत, याची त्यानं तयारी केली होती. खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. कुणीतरी चारचौघांत म्हणावं, शिवदासा, तू मित्राचं वाटोळं केलंस. म्हणजे हिशेब निदान बोलून तरी मिटला असता.

पुजारी नवा होता, आधीच्या पुजाऱ्याचा नातू, पंचविशीतला. तो नम्र होता, त्यानं नारळ घेतला, काय सांगायचं ते विचारलं. सभामंडपात म्हापशाहून आलेलं एक कुटुंब होतं, प्रदक्षिणा घालणाऱ्या दोन बायका होत्या, खांबाला टेकलेला एक म्हातारा होता, तो मये गावचा. शिवदासानं मागं वळून त्या सगळ्यांकडे बघितलं. त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' म्हणणारा एकसुद्धा त्यांत नव्हता. तो कागद काढून मोठ्यानं वाचायला लागला. बावीस वर्षांमागं मी इथं गाऱ्हाणं घातलं होतं, ते खोटं होतं. वस्तू माझ्याच घरात होती. पार्श्याचा बाबली चोर नव्हता. वाचताना त्याचा आवाज फुटला, पण त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मागच्या खांबापर्यंत पोचेल असं.

म्हापशाच्या कुटुंबानं कौतुकानं बघितलं आणि ते घंटा वाजवून निघाले. मयेच्या म्हाताऱ्यानं जांभई दिली. बायकांची प्रदक्षिणा चालूच होती. पुजाऱ्याला गाऱ्हाण्यात नाव घ्यायचं होतं, म्हणून त्यानं नारळ हातात धरून हळूच विचारलं, "बाबली म्हणजे कोण?"

या प्रश्नाचं एक उत्तर शिवदासानं बावीस वर्षं गावभर दिलं होतं. ते ऐकलेली माणसं मरून गेली होती किंवा परगावी गेली होती, आणि ते उत्तर त्यांच्याबरोबर गेलं होतं, आता ते परत आणून पुसायचं कुणाच्या मनातून? सुमंगलानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आम्ही दोघं रविवारी गाड्या बघायचो," शिवदास म्हणाला.

पुजाऱ्यानं मान हलवली, ते नाव गाऱ्हाण्यात घेतलं आणि नारळ फोडला. व्हय म्हाराजा म्हणायला सुमंगला एकटीच होती.